मेऱ्याचे चार फोटो

प्रेमसिंग राठोडचं पत्र आलं तेव्हा उसाचा हंगाम संपत आला होता. वामनरावांनी ते लायब्ररीच्या दारात उभ्याउभ्याच वाचलं, घरी नेऊन पुन्हा वाचलं आणि उत्तरासाठी कागद काढला. त्या कागदावर 'प्रिय प्रेमसिंग' एवढंच लिहून झालं. मग उन्हाळा गेला, पावसाळा गेला, कपाशीची बोंडं फुटू लागली, तरी कागद तेवढाच राहिला.

पत्र मोठं नव्हतं.

'काकाजी, नमस्कार. आमची पायल गेली हे तुमाले कळलंच असन. ती जावयासंगं इकडंच उसाले आलती, कावीळ झाली ते उतरलीच नाही. फोनवर हे बोलनं होत नाही म्हनून लिवतो. तिचे फोटो लई आहेत. लग्नाचा अल्बम आहे, पूनमच्या फोनमधला मेऱ्याचा आहे. पन भागीरथा एकही पाहत नाही. म्हनते सगळ्यात पोरगी गोरी दिसते, हे माही पोरगी नोहे. मेऱ्याच्या दिवशी तुमी मोठ्या कॅमेऱ्यानं फोटो काढले होते. तुमीच म्हनले होते का हा कॅमेरा जेवढा उजेड हाय तेवढाच घेते. त्यातला पायलचा एक द्या. घाई नाही.'

या शेवटच्या दोन शब्दांनी वामनरावांचा जीव खाल्ला. घाई कर म्हटलं असतं तर कदाचित त्यांनी काहीतरी खरडून पाठवलंही असतं. घाई नाही म्हटल्यावर माणसाला स्वतःच्या भीतीपाशी बसून राहायला पुष्कळ वेळ मिळतो.

ढाणकीच्या सार्वजनिक वाचनालयात वामनरावांची सगळी नोकरी गेली. आता सुटले होते, तरी दुपारी तिथंच जाऊन बसत, कारण दुसरीकडे कुठं बसावं हे त्यांना कधी शिकावं लागलं नव्हतं. प्रेमसिंग त्यांचा जुना वाचक. दिवाळीनंतर ऊसतोडीला कारखान्यावर जायचा, चैत्रात परतायचा, आणि पावसाळाभर एकामागून एक कादंबऱ्या न्यायचा. दोघांमध्ये बोलणं फार होत नसे. 'हे कसं आहे?' 'बरं आहे, शेवट रडका आहे.' 'मग द्या.' असं चाले. त्या ओळखीवरच प्रेमसिंगनं त्यांना मेऱ्याला तांड्यावर बोलावलं होतं. 'तुमी कॅमेरा घेतला म्हनते. या मग. पायलचा शेवटचा मेरा आहे.'

बंजाऱ्यांच्या तांड्यात दिवाळीच्या अमावास्येला, अंधार पडला की लग्न न झालेल्या पोरी हातात पेटता दिवा घेऊन घरोघर फिरतात. प्रत्येक घरी दारात उभ्या राहून गातात, मग एकेक जण पुढं होऊन थोरामोठ्यांपुढं वाकते आणि सालभराचं भलं मागते. हाच मेरा. लग्न झालेल्या पोरीला मेरा नाही. पायलचं लग्न ठरलेलं होतं.

वामनरावांचा कॅमेरा दुसऱ्या हाताचा होता, पण भिंग चांगलं होतं, मोठ्या तोंडाचं. अंधुक उजेडात हे भिंग फोनपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश आत घेतं, असं त्यांनी तीन वेगवेगळ्या पुस्तकांत वाचलं होतं आणि तरीही त्यांचा पुरता विश्वास नव्हता. प्रेमसिंगच्या आईच्या, धानीबाईच्या ओसरीत एका खांबाला पाठ लावून ते बसले. कॅमेरा मांडीवर, आणि मान खाली.

प्रेमसिंगचा मुलगा पूनमसिंग उमरखेडला मोबाईलच्या दुकानात कामाला होता. त्यानं कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि मित्रांना ऐकू जाईल असं विचारलं, "काकाजी, हा कॅमेरा आहे का फवारणीचा पंप?"

पोरं हसली. एकानं पुढं जोडलं, "यानं बोंडअळी मरते का, विचार न."

"माह्या फोनात नाईट मोड आहे काकाजी. अंधारात काढला तं दिवसाचा वाटते. तुमचं हे दांडकं आता भंगारात." मग तो ओसरीतला बल्ब लावायला उठला, तशी आतून धानीबाई खेकसली, "दिव्याच्या म्होरं बल्ब कायले रे? बस खाली."

वामनरावांना उगाच धीर आला. आयुष्यात चारचौघांत त्यांनी मत असं कधी दिलं नव्हतं. त्या दिवशी तोंडून निघून गेलं. "फोन उजेड बनवतो, बाबू. चारपाच फोटो एकावर एक ठेवतो आणि जे दिसलं नाही ते आपल्या मनानं भरतो. हा जेवढा उजेड आहे तेवढाच घेतो."

प्रेमसिंग दारात उभा होता, त्यानं ते ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावर आपल्या माणसानं डाव जिंकल्यासारखं काहीतरी आलं.

पोरी आल्या, सात-आठ असतील. ओसरीत दिव्यांचा पिवळा उजेड आत आला आणि गाणं उंबऱ्यापाशी थांबलं. वामनरावांनी चार वेळा बटण दाबलं. फ्लॅश नाही, खांबाला खांदा टेकून, श्वास धरून. पोरींना 'थांबा' म्हणायचं त्यांना सुचलं नाही. सुचलं असतं तरी म्हणवलं नसतं. दुसऱ्यांच्या लेकींच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहायची त्यांना लाज वाटे. त्यांनी पाहिले ते दिवे. पोरींची नावं त्यांनी विचारली नाहीत. यातली पायल कोणती, हेही नाही.

चूक झाली ती इथं.

ढाणकीला परतून त्यांनी चारही फोटो लायब्ररीच्या जुन्या कॉम्प्युटरवर पाहिले. काळोखच काळोख, त्यात वाळूसारखे दाणे. कुठं कपाळ, कुठं दात, कुठं नुसत्या बांगड्या. एकात हात मध्ये आलेला. एक पार हललेला. आपण ओसरीत केवढ्या तोऱ्यात बोललो, हे आठवून एकट्या खोलीत त्यांचे कान तापले. ते फोटो त्यांनी कोणालाच दाखवले नाहीत. आणि मग दुसऱ्या वर्षी ते पत्र आलं.

फोटो वाईट आहेत एवढंच असतं तर त्यांनी माफी मागून पाठवले असते. पण चार फोटोंत नुसत्या अर्ध्यामुर्ध्या पोरी, आणि त्यांतली पायल कोणती हे वामनरावांना ठाऊक नव्हतं. पायल त्यांत आहे की नाही हेही ठाऊक नव्हतं. लेक गमावलेल्या बाईच्या हातात आपण दुसऱ्याच कोणाची लेक ठेवली तर? ती म्हणेल, हीही माझी नाही. मग तिनं कोणाकडे मागायचं?

विचारायला सोपं होतं. तांडा काही लांब नव्हता, पैनगंगेच्या अंगाला, रिक्षानं अर्ध्या तासाचा रस्ता. पावसाळ्यात प्रेमसिंग घरीच होता, पण त्या वर्षी लायब्ररीत पुस्तक न्यायला एकदाही आला नाही. एका बाजारच्या दिवशी वामनरावांना तो दिसला. मिरचीच्या ढिगापाशी उकिडवा बसला होता, केस पांढरे झाले होते. वामनराव बारदानाच्या दुकानात शिरले आणि पोत्यांच्या थप्पीमागं उभे राहिले. दुकानदार म्हणाला, "काका, काय पाह्यजे?" त्यांनी एक रिकामं पोतं विकत घेतलं. घरी त्यांच्या पत्नी इंदूबाई म्हणाल्या, "पोतं कायले आणलं? आपल्या घरी पिकते काय?"

दिवाळी झाली. तांड्यावरचे ट्रक उसाला निघून गेले. आणि एक दिवस पूनमसिंग लायब्ररीत आला. बापानं नेलेलं एक जुनं पुस्तक परत करायचं राहिलं होतं.

"बाबा जाता जाता बोलले, काकाजीचं पुस्तक देऊन ये."

"प्रेमसिंग बरा आहे?"

"आहे." पोरगा टेबलाच्या कडेवर नख घासत होता. त्याची ती जुनी मस्ती कुठं दिसेना. "काकाजी, मी पायलचा फोटो मोठा करून फ्रेम केलता. माह्या फोनातला, मेऱ्याचा. आईनं भिंतीवरून काढून कोठीमागं ठेवला. मी म्हटलं काहून? तं म्हणे, ही पावडर लावलेली पोरगी कोणाची आहे. आता पावडर कुठची? फोननंच तसं केलं न. मले काय ठाऊक होतं का फोन असं करते." त्यानं नख घासणं थांबवलं. "दुकानात मी हेच सांगून फोन विकतो. चेहरा उजळ येते म्हणून."

वामनरावांनी हळूच विचारलं, "तुझ्याकडे आहे का तो फोटो?"

त्यानं दाखवला. खरंच दिवसासारखा होता. मागची भिंत दिसत होती, भिंतीवरची खुंटी दिसत होती, दिव्यांच्या जागी पांढरे ठिपके होते. ओळीनं उभ्या पोरींचे चेहरे नीट, गुळगुळीत, सगळे एकाच रंगाचे, सगळ्या जणू एकाच आईच्या.

"ही पायल," पूनमनं बोट ठेवलं. मग म्हणाला, "बाबा म्हणत होते, काकाजी कामात असतील. त्याईचं उत्तर येईल."

तो गेल्यावर वामनराव कॉम्प्युटरपुढं बसले. पूनमकडून त्यांनी तो फोटो कॉम्प्युटरवर घेऊन ठेवला होता. आता ओळख पटेल, या आशेनं त्यांनी तो एकीकडे आणि आपले चार दुसरीकडे उघडले. पण फोननं पोरींची कपाळं सारखी केली होती, भुवया नव्यानं काढल्या होत्या, गालावर काही असेल तर ते पुसलं होतं. हा चेहरा त्या काळोखातल्या कुठल्याच तुकड्याला जुळेना. फोनमध्ये सगळं दिसत होतं आणि ओळखायला काही उरलं नव्हतं. वामनरावांच्या फोटोत जे होतं ते खरं असेल, पण होतंच किती?

रात्री जेवताना त्यांनी इंदूबाईंना सगळं सांगितलं. पत्र आल्याचंही तेव्हाच सांगितलं.

इंदूबाईंचा हात ताटावरच थांबला. "एवढे दिवस झाले अन् तुमी मले आज सांगून राह्यले?"

"कोणती ती कळत नव्हतं."

"मग विचारायचं ना. तोंडाले काय झालं होतं?"

"चुकीची दिली तर?"

"अन् दिलीच नाही तं?" त्या ताट उचलून उठल्या. मोरीपाशी जाऊन, पाठमोऱ्या, म्हणाल्या, "पुस्तकात पाहून सांगता येत नाही असं काई आलं का तुमी असेच बसता. उद्या तांड्यावर जा."

दुसऱ्या दिवशी ते गेले. तांडा रिकामा होता. दाराला कुलपं, अंगणात तुरीच्या वाळल्या काड्या, एक म्हातारं कुत्रं. धानीबाई ओसरीत उन्हाला बसली होती. हातात चांदीची जुनी कडी, डोळ्यांवर पांढरट पडदा.

"कोन हाय?"

"मी वामन. ढाणकीचा. लायब्ररीवाला."

"पुस्तकवाला. बस. पोरं नाहीत रे बाबा, कारखान्यावर गेले."

"तुमच्याकडेच आलो." ते त्याच खांबापाशी बसले. कॅमेरा काढला, मागच्या काचेवर पहिला फोटो आणला आणि तिच्या हातात दिला. म्हातारीनं तो डोळ्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"यात काई नाही. काळंच हाय."

"हो," वामनराव म्हणाले. "काळंच आलं आहे."

"मले आता सूर्य बी असाच दिसते." तिनं कॅमेरा परत दिला. "तू पाह्य न सांग. तुले तं दिसते न?"

वामनरावांनी चष्मा पुसला. दोन वर्षं ते फोटो त्यांच्यापाशी होते, पण ते नेहमी आपली चूक शोधायला पाहत. आता प्रथमच ते पोरींकडे पाहत होते. आणि मोठ्यानं, कोणाला तरी सांगण्यासाठी.

"एक पोरगी खाली वाकली आहे. कपाळावर उजेड आहे. हातात खूप बांगड्या. दिवा ताटलीत आहे."

"ते तांड्याच्या नायकाची. ताटली त्याईचीच. आमचा दिवा हातावर."

"दुसरी हसते आहे. दात दिसतात. ओढणी खांद्यावर पडली आहे."

"चंदा. तिच्या डोक्यावर ओढनी कदी राह्यलीच नाही. पुढं?"

"तिसऱ्यात..." ते अडखळले. "तिसरा फोटो बिघडला आहे. मध्ये हात आला. मीच थोडं थांबायला पाहिजे होतं. एका तळहातावर दिवा आहे आणि दुसरा हात तिनं दिव्यापुढं आडवा धरला आहे. बोटं लाल दिसतात, कडेनं, विस्तवासारखी. बोटांच्या वर एक डोळा आहे. अन् कपाळाचा थोडा भाग. ती दिव्याकडे पाहते आहे."

धानीबाईनं विचारलं, "त्या दिवशी वारं होतं का रे?"

वामनरावांनी पहिला फोटो पुन्हा पाहिला, दुसरा पाहिला. ज्योती सरळ होत्या. "नव्हतं."

"नव्हतंच. वारं नसलं तरी ते हात आडवा धरे. लहान होती तवा याच उंबऱ्यात तिचा दिवा इझला. लई रडली. मी म्हटलं काई होत नाही, लाव पुन्हा. पन तिच्या मनात बसलं. तवापासून वारा असो नाहीतं नसो."

"म्हणजे ही पायल?"

"मले काय दिसते बाबा. तू सांगतलं, मी आयकलं." तिनं पदरानं डोळे टिपले, पण तिचे डोळे तसेही सारखे पाझरत होते. "अन् चौथ्यात?"

"चौथ्यात नुसता दिवा आहे. पोरगी हलली."

"त्यात बी असन ते. कोनाले ठाऊक." मग थोड्या वेळानं, "रंग दिसते का तिचा?"

"दिव्याचा पडला तेवढाच. सावळी दिसते."

"सावळी?" म्हातारी हसली, आणि ते हसू मध्येच कुठंतरी तुटलं. "काळी होती रे. माह्यावानी. तिच्या सासरच्याईनं लग्नात एवढं थापलं तिच्या तोंडाले, मी जवळ गेली तं मलेच तिचा वास ओळखू येईना."

परतताना रिक्षात वामनरावांना वाटलं, आता तरी आपली खात्री पटायला हवी होती. पटली नव्हती. न दिसणाऱ्या म्हातारीनं, न पाहणाऱ्या माणसाच्या सांगण्यावरून ओळखलेला फोटो. दिव्यापुढं हात धरणारी तांड्यात दुसरी पोरगी नसेलच असं कसं म्हणावं? आपण त्या संध्याकाळी एकदा, फक्त एकदा, मान वर करून 'पायल कोणती' विचारलं असतं, तर तिनं स्वतःच सांगितलं असतं. तेव्हा ती हातभर अंतरावर उभी होती.

ढाणकीच्या फोटो स्टुडिओत त्यांनी मेमरी कार्ड दिलं. स्टुडिओवाला तिसरा फोटो पाहून म्हणाला, "काका, हे काय काढलं? मी उजेड वाढवून देतो, एक मिनिट."

"नको. आहे तसाच."

"अहो, मशीन आपोआपच करते ते."

मशीनमधून पहिला कागद निघाला तो राखाडी होता. काळोख धुऊन धुळकट झाला होता, बोटांचा लाल रंग गेला होता, आणि जो डोळा होता तो गोऱ्या पोरीचा झाला होता. वामनराव तो हातात घेऊन उभे राहिले. परत करावा की नाही, हा माणूस रागावेल की काय, असं नेहमीसारखं मनात आलं.

"हा नाही," ते म्हणाले. "मशीनचं ते बंद करता येत नाही का?"

"येते. पण मग काळा येईल. गिऱ्हाईक मले शिव्या देईल, म्हणेल शाई सांडली."

"देणार नाही. काळाच पाहिजे."

स्टुडिओवाल्यानं मान हलवली आणि दोनचार बटणं दाबली. या वेळी कागद बाहेर आला तो जवळजवळ सगळा काळा होता. मधोमध लाल कडांची बोटं, वर एक डोळा. वामनरावांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. फोनपेक्षा हा बरा, एवढं त्यांना कळलं. पण त्या संध्याकाळी ओसरीत जे होतं त्यातलं यातही फार थोडं होतं, हेही कळलं. भागीरथानं एवढी वर्षं जी पोरगी पाहिली तिच्यापुढं कॅमेरा काय आणि फोन काय. त्यांनी चारही फोटो तसेच काढून घेतले.

घरी 'प्रिय प्रेमसिंग' लिहिलेला कागद पिवळा पडला होता. त्यांनी नवा घेतला.

'प्रिय प्रेमसिंग,

तुझं पत्र मिळालं होतं. उत्तर दिलं नाही. कामात नव्हतो. त्या दिवशी मी पायलला पाहिलं नाही, फक्त दिवे पाहिले. त्यामुळे या चारांत ती कोणती ते मला माहीत नाही. तुझी आई म्हणते तिसरा, हात आडवा धरलेला. पण तिलाही दिसत नाही, मी सांगितलं त्यावरून ती म्हणाली. फोटो काळे आहेत. दुकानात ते उजळ करून देत होते, मी करू दिले नाहीत. भागीरथानं ते उन्हात बघू नयेत, कोपीत एखादा दिवा लावून बघावेत. यात तिची लेक नसेल तर तो दोष माझा आहे, पायलचा नाही आणि पूनमच्या फोनचाही नाही. तसं असेल तर मला कळव. बाजारात मी तुला पाहिलं होतं आणि लपलो होतो, हेही लिहून ठेवतो.

तुझा, वामन'

इंदूबाईंनी ते वाचलं. म्हणाल्या, "शेवटलं वाक्य कायले?" मग स्वतःच म्हणाल्या, "राहू द्या," आणि फोटोंच्या दोन्ही बाजूंना ठेवायला जुन्या वहीचे पुठ्ठे कापून दिले.

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतल्या माणसानं पाकीट उलटंसुलटं केलं. "काका, कारखान्याचं नाव आहे, गाव आहे. पण घर? 'गेटच्या मागच्या कोप्या'? झोपड्यांना असा कुठं पत्ता असते काय?"

"तेवढाच आहे."

"पोचेल याची खात्री नाही बरं."

"नाही पोचलं तर परत येईल ना?"

"येईल. पाठवणाऱ्याचा पत्ता घाला तर येईल."

वामनरावांनी खिडकीच्या फळीवर पाकीट ठेवून मागच्या बाजूला आपला पत्ता लिहिला, ठळक, लायब्ररीच्या पुस्तकांवर लिहीत तसा. "परत आलं तर पुन्हा पाठवीन," ते म्हणाले.

त्या माणसानं पाकीट तोललं, तिकिटं लावली, शिक्का मारला आणि मागच्या पिशवीत टाकलं.